सुपातल्या बिया

वळवणच्या बायका म्हणायच्या, जैतुनबीच्या चुलीपाशी आलेली मुंगीसुद्धा उपाशी परत जाते. त्यात थोडी चेष्टा होती आणि बरंचसं कौतुक. लोणावळ्याच्या पावसात उन्हाचं तोंड दिसायचं नाही, भिंतींवर बुरशी चढायची, मडक्यातल्या मिठाचं पाणी व्हायचं. पण जैतुनबीची चूल एका वेळेलाही थंड राहिली नव्हती. तिचा नवरा दस्तगीर रेल्वेच्या गँगमध्ये होता. घाटात रूळ राखायचे, दरड आली की उपसायची, भिजत जायचं आणि भिजत यायचं. आपल्या कमाईत घर भागतं ते केवळ बायकोच्या हातामुळं, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा.

घरामागं तिचं परडं होतं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिथं नुसते धोंडे होते. ते वेचून तिनं बांध घातला, गावातल्या गोठ्यांतलं शेण पाटीनं वाहून आणलं, मोरीचं पाणी चर काढून अळूला आणि केळीला नेलं. दोडका, पडवळ, कारली मांडवावर चढली, घेवडा कुंपणावर गेला आणि भोपळ्याचा वेल थेट छपरावर. कोपऱ्यात मिरच्या होत्या, आलं होतं, कढीलिंबाचं झाड होतं. भाजीवालीपुढं ती कधी टोपली घेऊन उभी राहिली नाही.

स्वयंपाकही तसाच. दोडक्याची भाजी केली की त्याच्या शिरांची चटणी. भोपळ्याची सालं लसूण-मिरची घालून तव्यावर परतायची. तांदूळ धुतलेलं पाणी कालवणाला, भाताची पेज सकाळच्या न्याहारीला. तव्याला तेल लावायचं ते फडक्याच्या बोळ्यानं, आणि बोळाही महिनोन्महिने तोच. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी असलं रानातलं फुकटचं आधी संपवायचं, परड्यातलं मागाहून. आणि ताजी भाकरी टोपल्यात, शिळी ताटात, हा तर तिचा नेमच. ताजी उद्या शिळी व्हायची, तेव्हा कुठं तिची पाळी यायची.

"आमच्या घरात ऊन भाकर निसती बगायला असती," दस्तगीर हसून म्हणायचा. तीही हसायची, पण नेम मोडायची नाही.

हे सगळं तिला हौसेनं सुचलेलं नव्हतं. ती मूळची नगरकडची. ती परकरात असताना तिकडं मोठा दुष्काळ पडला. घरातलं सगळं संपल्यावर बापानं शेवटी बियाण्याची बाजरी खाली काढली. आई जात्यापाशी बसून रडली, पण दळली. पुढच्या साली पाऊस चांगला झाला, आजूबाजूची शेतं हिरवी झाली आणि यांचं रान तसंच उघडं राहिलं. पेरायला दाणा नव्हता. तिथून उठलेली माणसं रेल्वेच्या कामावर खडी फोडायला आली, ती पुन्हा माघारी गेलीच नाहीत. पोट मारावं, पण बी खाऊ नये, हे जैतुनबीच्या मनात तेव्हापासून घट्ट बसलं. दर वेलावरचं सगळ्यात देखणं फळ ती बियाणाला राखायची आणि त्याला चुन्याचं बोट लावायची. ते बोट लागलं, की त्या फळाकडं घरात कुणी मान वर करून बघायचं नाही.

तिचा एकुलता एक मुलगा राजमहंमद. तोही रेल्वेत लागला, लोणावळ्याच्या स्टेशनावर सांधेवाला म्हणून. गाडी येण्याआधी रुळांचे सांधे फिरवायचं ते काम. त्याचं लग्न सोमाटण्याच्या नजमाशी झालं. नजमाच्या माहेरी किराणा मालाचं लहानसं दुकान होतं. हमरस्त्यावरचं गाव, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता. जेवायला एखादा परका माणूस नाही असा दिवस त्या घरात उजाडत नसे. पोरगी अबोल होती, पण कामाला वाघ. सासूनं एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. सालांची चटणी ती सासूपेक्षा चवदार करायला लागली. फक्त एक गोष्ट तिला जड जायची. परड्यातली मिरची तोडायची तरी आधी विचारावं लागे.

"अम्मा, काढू का?"

जैतुनबी मान हलवायची, किंवा हलवायची नाही.

दुसऱ्या वर्षी नजमाला दिवस गेले. पाऊस उघडला, भातं पोटरीवर आली आणि एक दिवस सांगावा न देता तिचा भाऊ बद्रुद्दीन दारात उभा राहिला. बहिणीला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला आला होता. सोमाटण्याहून तळेगावपर्यंत पायी आणि तिथून गाडीनं. काखेत गुळाची लहानशी ढेप. घरात नजमा एकटीच होती. दस्तगीर घाटात, राजमहंमद ड्यूटीवर आणि जैतुनबी शेजारच्या झुंबरबाईबरोबर लाकूडफाट्याला रानात गेलेली.

लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरचं माणूस दारात आलेलं. टोपल्यात शिळी भाकरी होती आणि पातेल्यात सकाळचं अळू. नजमानं सगळं घर धुंडाळलं. बाहेर येऊन परड्यात पाहिलं. वेल सुकत आले होते, मांडव मोकळा झाला होता. छपरावर एकच भोपळा उरला होता, चुन्याचं बोट लावलेला.

तिनं तो काढला. किसून भावानं आणलेल्या गुळात शिजवला, त्यात तांदळाचं पीठ मळलं आणि कढईत तेल ओतून घारगे तळले.

जैतुनबी डोक्यावर मोळी घेऊन परतत होती तेव्हा तळणाचा वास पार कुंपणापर्यंत आला होता. मागून झुंबरबाई म्हणाली, "जैतुनबी, आज सण हाय का काय तुज्या घरी?"

जैतुनबीचं लक्ष उकिरड्याकडं गेलं होतं. कोंबड्या भोपळ्याचा आतला गर टोचत होत्या आणि बाजूलाच चुन्याचा ठिपका असलेली साल पडली होती. तिनं मोळी तिथंच टाकली आणि आत गेली.

"ह्यो भोपळा कुणाला इचारून कापला?"

नजमा चुलीपासून उठली. "अम्मा, भाऊ आलाय..."

"भाऊ आला म्हून घराचं बी खायचं? तुमच्या दुकानात आयतं येतं, बाई. आमाला तसं येत न्हाई."

"अम्मा, बिया..."

"बियांचं नाव काडू नगं माझ्यापुढं."

आणि मग तिनं जे केलं, ते झुंबरबाईनं दारातून पाहिलं. जैतुनबी वाकली आणि बद्रुद्दीनच्या पुढ्यातलं ताट उचललं. त्याच्या हातात अर्धा घारगा होता. तो तुकडा त्यानं त्या उचललेल्या ताटात हलकेच ठेवला, उठून हात धुतले आणि म्हणाला, "चूक झाली, मावशी. मला ठावं नव्हतं." झुंबरबाई तोंड फिरवून निघून गेली.

दुपारच्या गाडीनं भाऊबहीण गेले. जाताना नजमानं सासूचे पाय शिवले, पण वर पाहिलं नाही.

ते गेल्यावर जैतुनबीनं मोळी सोडली. ओली लाकडं वाळत घालायला चुलीवरच्या माळ्याकडं हात नेला, तर हाताला सूप लागलं. तिनं ते खाली घेतलं. सुपात भोपळ्याच्या बिया होत्या. धुतलेल्या, राख चोळलेल्या, एकीला एक चिकटू नये म्हणून सुट्या सुट्या पसरलेल्या. अगदी ती स्वतः करायची तशा. एकही फुटकी नाही, एकही पोचट नाही. पोरीनं सगळ्यात आधी बी राखलं होतं आणि मगच भोपळा किसायला घेतला होता.

जैतुनबी सूप घेऊन बराच वेळ चुलीपुढं बसली. कढईतलं तेल निवत आलं होतं. बाजूला घारगे तसेच पडले होते.

तिन्हीसांजेला राजमहंमद आला. गाडी सुटायच्या आधी नजमा स्टेशनावर त्याला भेटली होती. तो टोपीसुद्धा न काढता म्हणाला, "अम्मा, नजमा म्हंती बिया तिनं राखल्यात. माळ्यावर सुपात ठेवल्यात म्हंती. हायेत का?"

सूप पुन्हा माळ्यावर गेलं होतं. त्याच्या डोक्यापासून हातभर वर. "हायेत" म्हणायचं, की पाहुण्याचं ताट विनाकारण उचललं हेही म्हणणं आलं. पोटचा पोरगा समोर उभा होता आणि जैतुनबीला ते झेपलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "कोंबड्यांनी खाल्ल्या."

राजमहंमदनं वर पाहिलं नाही. आई खोटं बोलेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या वेळी तिला वाटलं, दोन दिवसांनी सांगू. पण तोंडातून गेलेला शब्द दोन दिवसांत दगड होतो. राजमहंमदनं सोमाटण्याला जाऊन बायकोला ऐकवलं, की भोपळा कापल्याचं एवढं काही नाही, पण खोटं बोलायला नको होतं. नजमानं दोनदा सांगितलं, "मी खोटी न्हाई." तिसऱ्यांदा सांगितलं नाही. मुलगी झाली, तिचं नाव हसिना ठेवलं. पुढं राजमहंमदची बदली कामशेतला झाली, तेव्हा त्यानं बायकोला आणि मुलीला सोमाटण्याहून थेट तिथल्या क्वार्टरात नेलं. वळवणला तो ईदला यायचा, एकटाच.

पुढल्या पावसात जैतुनबीनं त्या बिया लावल्या. टाकून देणं तिला जमलं नसतं. बी लगोलग उगवलं. दस्तगीरनं रोपं पाहिली आणि म्हणाला, "बी तर कोंबड्यांनी खाल्लं व्हतं ना?"

तो आळ्यापाशी उकिडवा बसला, एका रोपाला माती लावली आणि उठताना म्हणाला, "जा, येकदा जाऊन बोलून ये. लई लांब न्हाई कामशेत."

त्या वर्षी भोपळे असे लागले, की छपराची कौलं दबली. झुंबरबाईला दिले, गँगच्या माणसांना दिले, तरी घरात रास. खाणारी तोंडं दोन. काही सडले. त्या घरात काही सडण्याची ती पहिलीच वेळ. पाणी सुटलेला भोपळा टोपलीत घालून उकिरड्यावर नेताना जैतुनबी पदर तोंडाला लावायची आणि बायकांना वाटायचं, वासानं.

दस्तगीर सुट्टीच्या दिवशी कामशेतला जायला लागला. ती गाठोडं बांधून द्यायची. घेवडा कोवळा बघून, अळू देठासकट, आल्याचे चांगले कोंब. पूर्वी जे बियाणाला किंवा उद्याला राखलं असतं, ते सगळं त्या गाठोड्यात जायचं. संध्याकाळी तो परतला, की ती त्याच्या तोंडाकडं बघत बसायची.

"काय म्हंती नजमा?"

"तुझी खुशाली इचारती."

"आनि?"

"आनि काय. ऊन भाकर वाढली. पोरगी मांडीवर बसून जेवली." मग तो म्हणायचा, "तू यावंस, जैतुनबी. येक शबूद तर बोलायचा."

ती म्हणायची, लावणी होऊ द्या. मग म्हणायची, रमजान जाऊ द्या. एकदा तर निघालीही होती. स्टेशनावर जाऊन बाकड्यावर बसली आणि गाडी आली तशी उठून घरी आली. डब्यात बसून कामशेतपर्यंत काय बोलायचं ते ठरवता आलं असतं, पण पोचल्यावर राजमहंमद समोर असणार होता.

असं करत हसिना शाळेत जायच्या वयाची झाली. बद्रुद्दीन मधल्या एका उन्हाळ्यात तापानं गेला. बातमी आली तेव्हा जैतुनबी जात्यावर नाचणी दळत होती. तिनं दळण पुरं केलं. पीठ डब्यात भरलं. मग परड्यात जाऊन केळीच्या आडोशाला बसली आणि दिवस कलेपर्यंत उठली नाही. ज्याच्या पुढचं ताट उचललं, त्याच्यापुढं ताट मांडायचं आता कायमचं राहून गेलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी दस्तगीर गेला. घाटात दिवसभर भिजून आला, छातीत कफ धरला आणि आठवडाही काढला नाही. मयतीला राजमहंमद आला, नजमाही आली. इतक्या वर्षांनी ती त्या घराचा उंबरा ओलांडत होती. दफन करून माणसं परतली, त्यांना दोन घास करून घालायचे होते. नजमा पदर खोचून चुलीपाशी गेली, मागच्या दारात उभी राहून तिनं परड्याकडं पाहिलं आणि जैतुनबीकडं वळून हळूच म्हणाली, "अम्मा, अळू काढू का?"

जैतुनबीनं तोवर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. ते ऐकलं आणि तिनं हंबरडा फोडला. बायकांनी तिला धरलं. सगळ्यांना वाटलं, नवऱ्यासाठी.

विधवेनं घरातच काढायचे इद्दतचे चार महिने दहा दिवस झाल्यावर राजमहंमदनं आईला कामशेतला नेलं. वळवणचं घर भाड्याचं होतं, ते सुटलं आणि परडंही सुटलं. कामशेतच्या क्वार्टरामागं नजमानं स्वतःची बाग केली होती. मोरीच्या पाण्याचा चर तसाच, अळू तिथंच, घेवडा कुंपणावर. चुलीवर माळा, माळ्यावर सूप. सालांची चटणी, पेज, तेलाचा बोळा, सगळं तेच. सासूकडनं जे घेण्यासारखं होतं ते नजमानं मुकाट्यानं उचललं होतं. एक नेम तेवढा नव्हता. तव्यावरची भाकरी आधी ताटात यायची. पहिली सासूच्या.

ती ऊन भाकरी जैतुनबीच्या घशाखाली सहज उतरायची नाही. सून मायेनं वाढायची, की नुसती रीत म्हणून, हे तिला कधीच कळलं नाही. नजमा कमी बोलायची, तुसडं कधीच बोलायची नाही.

पण त्या घरात एक म्हण होती. ती जैतुनबीनं आल्या आल्याच ऐकली आणि मग ऐकतच राहिली. नजमा म्हणाली, की किल्ली मी खुंटीला लावली होती, की राजमहंमद म्हणायचा, "व्हय, तुझ्या बियांवानी." ती म्हणाली, धोब्याला सांगून ठेवलंय, की "बियांवानीच ना?" चेष्टेनं म्हणायचा, मनात काही ठेवून नव्हे. नजमा ऐकून घ्यायची. जैतुनबी त्या वेळी काहीतरी निवडायला घ्यायची, नसेल तर पदराचं सूत ओढत बसायची.

मग लढाई आली आणि रेशन आलं. रॉकेल नाही, साखर नाही, तांदूळ मिळाला तर खड्यांचा. शेजारच्या क्वार्टरांतल्या बाया नजमाकडं येऊन कोंड्याचं काय करायचं, सालांचं काय करायचं, ते विचारायच्या. नजमा म्हणायची, "अम्मांना इचारा, त्यांनीच शिकवलंय." जैतुनबी सांगायची खरी, पण खाली मान घालून.

एका सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, राजमहंमदनं विचारलं, "रॉकेल संपलं व्हय?"

"येक बाटली बाजूला ठेवलीय मी," नजमा चुलीपासून म्हणाली.

तो काही बोलायच्या आत हसिना हसत म्हणाली, "आईच्या बियांवानी असंल."

पोरीला त्या म्हणीचा उगम ठाऊक नव्हता. बापाचं ऐकून ती शिकली होती. राजमहंमदही हसला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

जैतुनबी ओट्यावर तांदळातले खडे काढत बसली होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"राजमहंमद, हितं बस."

तो बसला.

"बिया सुपात व्हत्या," ती म्हणाली. "तू इचारलंस तवा तुझ्या डोस्क्यावर व्हत्या, माळ्यावर. नजमानं राख लावून ठेवल्या व्हत्या. मी बगितल्या व्हत्या. तुला न्हाई म्हनले."

राजमहंमदला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याच्या कानशिलावर आता पांढरे केस आले होते. तो आईकडं बघत राहिला, मग आतल्या दाराकडं.

"तवाच का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"आनि मागाहून?"

तो उठला. उठताना एवढंच म्हणाला, "मी तिला लई बोललो, अम्मा. हिच्यासमोरसुदीक." त्यानं हसिनाकडं बोट केलं नाही, पण पोरगी ओशाळून घरात गेली.

तो आत गेला. जैतुनबीला दारातून त्याची पाठ दिसत होती. नजमा चुलीपुढं बसलेली. तो म्हणाला, "तू खरं बोलत व्हतीस."

"व्हय," नजमा म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "जरा सरका. भाकर करपंल."

तो सरकला. काय करावं न सुचून तिथंच कोपऱ्यात उभा राहिला.

भाकरी उतरवून नजमा ताट घेऊन बाहेर आली. नेहमीसारखी पहिली भाकरी, वर घेवड्याची भाजी. ताट जैतुनबीच्या पुढ्यात ठेवून ती आत गेली नाही. समोर बसली. हाताला पीठ तसंच होतं.

"अम्मा," ती म्हणाली, "मला वाटायचं, खरंच कोंबड्यांनी खाल्ल्या असतील. सूप उगडंच ठेवलं व्हतं ना मी. वर कायतरी झाकायला पायजे व्हतं, असं लई वर्सं मनाला लावून घेतलं." मग म्हणाली, "भाऊसुदीक म्हनायचा, झाकायचं व्हतंस गं."

जैतुनबीचा हात ताटाकडं गेला आणि तसाच राहिला. नजमा उठली, हातावरचं पीठ झटकलं आणि राजमहंमदचं ताट वाढायला आत गेली.